जलसंजीवनी : बनगाव ते औषधाचे दुकान

जून १९७१. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये येत होते. सीमेलगतच्या बनगाव येथे पटकीची साथ पसरली. रुग्णालयाच्या खाटा केव्हाच भरल्या होत्या. रुग्ण जमिनीवर पडून होते. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले होते आणि ते लावू शकणारे प्रशिक्षित हातही अपुरे होते.

तेथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडाने द्यावयाच्या द्रावणाचा मार्ग स्वीकारला. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, एवढेच त्याचे घटक. कोलकात्यात पुड्या बांधल्या गेल्या, छावणीत पिंपे भरली गेली, आणि पेल्याने द्रावण पाजण्याचे काम रुग्णांच्या आईवडिलांवर व नातलगांवर सोपवण्यात आले. सुमारे आठ आठवड्यांत ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. छावण्यांमध्ये ३० टक्क्यांपर्यंत गेलेला मृत्युदर येथे ३.६ टक्क्यांवर आला.

या यशामागील विज्ञान साधे पण विलक्षण आहे. पटकीत आतड्यातून क्षार आणि पाणी वेगाने बाहेर पडतात; मात्र ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन पेशीत नेणारे वाहक प्रथिन शाबूत राहते. क्षार आत गेले की परासरणाने पाणीही त्यांच्यामागे जाते. साखर प्रमाणाबाहेर झाली, तर हेच परासरण उलट दिशेने काम करते. पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच येथे प्रमाण हेच औषध आहे.

ग्लुकोज-क्षारांच्या द्रावणाची उपयुक्तता ढाका आणि कोलकात्यातील रुग्णालयीन चाचण्यांत आधीच दिसली होती. बनगावने त्यापुढची गोष्ट सिद्ध केली : पदवी नसलेली, कदाचित अक्षरओळखही नसलेली माणसे, नीट समजावून सांगितल्यास, प्राण वाचवणारा उपचार करू शकतात. आरोग्यसाक्षरता ती हीच. तिचा संबंध रोगांची नावे पाठ असण्याशी नाही. काय, किती आणि केव्हा द्यायचे, आणि रुग्णालय कधी गाठायचे, हे कळण्याशी आहे.

अर्धशतक उलटले तरी हे काम अपुरेच आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, जुलाब झालेल्या बालकांपैकी ६०.६ टक्के बालकांनाच ओआरएस मिळाले. दुसरीकडे, कितीतरी पट अधिक साखर असलेली पेये नावात ‘ओआरएस’ मिरवत औषधांच्या दुकानांत विकली जात होती. हैदराबादमधील एका बालरोगतज्ज्ञांच्या प्रदीर्घ पाठपुराव्यानंतर, ऑक्टोबर २०२५मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली.

आदेशाने वेष्टनावरचे नाव बदलेल. मात्र घरातला निर्णय आईवडिलांनाच घ्यावा लागणार. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली, तर खरे ओआरएसही घातक ठरू शकते. मूल सुस्त झाले, त्याला पिता येईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर घरी न थांबता दवाखाना गाठावा लागतो. बनगावच्या छावणीत पुडीबरोबर ती वापरण्याची समजही हातात दिली गेली होती. आज पुडी गावोगावी पोहोचते आहे. तिच्याबरोबर ती समजही पोहोचायला हवी.