बेवारशी कुत्र्याची तसबीर



आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात दत्ताची तसबीर असेल. तिच्यातील चार कुत्री म्हणजे चार वेद, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या चौघांपैकी एकाचाही चेहरा इतरांहून निराळा असा आपल्या स्मरणात आहे काय? महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराने ज्याच्यासाठी स्वर्ग नाकारला, त्या कुत्र्यालाही महाभारतकारांनी नाव दिलेले नाही. कुत्र्याच्या निष्ठेला माणसाने मान दिला. परंतु प्रत्येक कुत्र्याला स्वतःचा स्वभाव असतो, ही जाणीव चित्रात उमटावयास फार काळ लागला. टाकून दिलेल्या, आश्रयाला आलेल्या कुत्र्याच्या वाट्याला तर ती सर्वांत शेवटी आली. असे का झाले, हे आज पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

या कथेचा बराच भाग इंग्लंडात घडला. तेथे एडविन लँडसिअर हा चित्रकार कुत्र्यांची व्यक्तिचित्रे काढण्यात अग्रगण्य होता. १८३९ साली त्याने एकाच खुराड्याच्या दारात बसलेले दोन कुत्रे रंगविले: एक धिप्पाड, धीरगंभीर, दुसरा चिमुकला आणि आगाऊ. चित्र पाहताच दोघांचे स्वभाव कळतात. पण हे भाग्य त्यांना लाभले ते चित्र काढवून घेणारा धनी पाठीशी होता म्हणून. ज्याला धनीच नाही, त्याचे चित्र कोण काढविणार?

त्याच १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची कृती जाहीर झाली. आता तसबीर स्वस्त होणार, अशी आशा वाटू लागली. मात्र कुत्र्याच्या बाबतीत एक अडचण होती. त्या काळी चित्र उमटावयास बराच वेळ लागे. माणसाला ‘हलू नका’ म्हणून सांगता येते. कुत्र्याला कोण सांगणार? त्याची मान वळली, शेपूट हलली, की तेवढा भाग धुक्यासारखा पुसट होई. म्हणून त्या छायाचित्रांत कुत्रे दिसतात ते बहुधा निजलेले, नाहीतर मालकाने धरून ठेवलेले. कुत्र्याचा स्वभाव तर त्याच्या हालचालीत असतो. तीच नेमकी निसटून जात होती.

अशा काळात, १८६० साली, मेरी टील्बी या बाईंनी लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी आश्रयगृह काढले. माणसे उपाशी असताना कुत्र्यांचे हे कौतुक कशाला, अशी टिंगल वृत्तपत्रांतून झाली. १८६२ साली चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात मात्र एक मार्मिक लेख आला. जवळच्याच इझलिंग्टन येथे जातिवंत कुत्र्यांचे भव्य प्रदर्शन भरले होते. लेखकाने ते प्रदर्शन आणि हे आश्रयगृह एकमेकांशेजारी ठेवून दाखविले. तिकडे बक्षिसे होती. इकडे पाहुणा दिसताच गजांशी धावणारी आणि ‘माझा धनी तो तूच का?’ असे जणू विचारणारी तोंडे होती. १८६७ च्या कायद्याने पोलिसांना रस्त्यावरील मोकाट कुत्री धरण्याचा अधिकार मिळाला आणि आश्रयगृहाकडे येणाऱ्या कुत्र्यांची संख्या वाढली. १८७१ साली ते बॅटर्सी येथे गेले. ज्यांना कोणी नेले नाही, त्या पुष्कळांना मारून टाकावे लागे. कोणाच्या तरी नजरेत भरणे हाच तेथे जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

योगायोग असा की, त्याच १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली. पुढे तिच्यात सुधारणा होऊन क्षणार्धात चित्र घेणे शक्य झाले. पुढच्याच वर्षी डार्विनचा मनोभावांच्या आविष्कारावरील ग्रंथ निघाला. त्यात माणसांची छायाचित्रे आहेत. कुत्र्यांची मात्र बहुतेक चित्रकारांनी काढलेली चित्रे आहेत. त्यांपैकी दोन चित्रे एका मिश्र जातीच्या धनगरी कुत्र्याची आहेत. एकात तो चवताळलेला आहे. दुसऱ्यात तोच धन्याशी लाडीगोडी करतो आहे. कान, शेपूट, पाठीचे केस, पायांची ठेवण, सारेच बदललेले! कुत्र्याचे मन केवळ तोंडावर नव्हे, तर सबंध देहावर वाचावे लागते, हा धडा येथे एका संकरित कुत्र्याने दिला. १८८७ साली मायब्रिजने प्राण्यांच्या हालचालींची चित्रमाला प्रसिद्ध केली. तिच्यात चालणारी, धावणारी कुत्रीही होती. कॅमेऱ्याने कुत्र्याच्या गतीला गाठले होते.

उरली ती नजर. १९४६ साली एलियट अर्विट या तरुण छायाचित्रकाराने न्यूयॉर्कमध्ये कॅमेरा जमिनीलगत नेला आणि एका बाईच्या पायांशेजारी उभ्या असलेल्या इवल्याशा कुत्र्याचे चित्र घेतले. त्या चित्रात बाईचे तोंड दिसत नाही; कुत्र्याचे दिसते. जग कुत्र्याच्या उंचीवरून पाहिले, एवढेच त्याने केले. पण तेवढ्याने मान कोणाचा हे ठरले.

आज आश्रयगृहांतील कुत्र्यांची छायाचित्रे पाहून लोक कुत्रे घरी नेतात. म्हणून ती काढणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते. काळ्या कुत्र्यावर बाजूने मऊ उजेड पाडला नाही, तर डोळे दिसतच नाहीत, नुसता काळा डाग उमटतो. धापा टाकणारे उघडे तोंड हसरे भासते. पण कान मागे पडलेले असतील आणि डोळ्यांचे पांढरे दिसत असेल, तर ते हसू नव्हे, भीती आहे. तिला आनंद म्हणून खपविले, तर नेणारा फसतो आणि कुत्रा पुन्हा गजांआड येतो. खरी तसबीर हवी असेल, तर कॅमेरा बाजूला ठेवून आधी जमिनीवर बसावे, आणि तो आपण होऊन जवळ येईतो थांबावे.

आम्ही स्वतः आमच्या आळीतील एका कुत्रीचे छायाचित्र उभ्याने घेतले होते. त्यात पाठ आणि शेपूट एवढेच आले. पुढे एकदा पायरीवर अर्धा तास बसून राहिलो, तेव्हा कळले की तिचा एक कान सदैव रस्त्याकडे लागलेला असतो. चार वर्षे ती आमच्या दारात होती, आणि ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती.

दागेरपासून आजवर काचा सुधारल्या, भिंगे सुधारली. खाली बसण्याचे काम मात्र अजून माणसालाच करावे लागते. आज घरी जाताना आपल्या आळीतले कुत्रे दिसेल. त्याच्यापाशी क्षणभर थांबा, एवढीच आमची विनंती आहे.