लेसर शस्त्रक्रिया आणि रोपणभिंग

लेसर शस्त्रक्रिया आणि रोपणभिंग : चष्म्याचा नंबर घालवण्याच्या दोन प्रमुख शस्त्रक्रिया. लेसरने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाला, म्हणजे कॉर्नियाला, नवा आकार देतात. रोपणात नैसर्गिक भिंग जागेवर ठेवून त्याच्या पुढे पातळ कृत्रिम भिंग बसवतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत काढतात तसे येथे नैसर्गिक भिंग काढले जात नाही.

इतिहास : कॉर्नियाचा आकार बदलून नंबर घालवण्याच्या तंत्राचा पाया होसे बाराकेर यांनी १९४९ मध्ये घातला. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे आयबीएम कंपनीतील सहकारी सॅम्युअल ब्लम व जेम्स वाइन यांना १९८१ मध्ये असे दिसले, की एक्सायमर लेसर आजूबाजूचा भाग न भाजता ऊतकाचा सूक्ष्म थर काढू शकतो. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हा शोध कॉर्नियाकडे वळवला, तर १९९० च्या सुमारास ग्रीसमध्ये आयोआनिस पॅलिकारिस यांनी लॅसिक ही लेसर शस्त्रक्रिया रूढ केली. बुबुळाच्या पडद्यामागे बसणाऱ्या रोपणभिंगाचे आरंभीचे प्रयोग १९८६ मध्ये मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी केले. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या आयसीएल या भिंगाला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली.

लेसरचे गणित : लॅसिकमध्ये कॉर्नियाचा सुमारे ११० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा उचलून खालचा थर लेसरने घडवतात आणि पापुद्रा परत बसवतात. स्माइल पद्धतीत पापुद्रा न उचलता आतली चकती छोट्या छेदातून काढतात. ६ मिमी व्यासाच्या भागात नंबरच्या दर डायॉप्टरमागे साधारण १२ मायक्रॉन ऊतक जाते. कॉर्नियाची मध्यभागची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन असते आणि पापुद्र्याखाली निदान २५० मायक्रॉन शिल्लक राहावे लागतात. अनेक सर्जन ३०० चा आग्रह धरतात. समजा, कॉर्निया ५०० मायक्रॉनचा आहे. उणे ४ नंबरसाठी ४८ मायक्रॉन काढल्यावर पापुद्र्याखाली ३४२ उरतात. उणे १० साठी १२० काढावे लागतात आणि २७० च उरतात. मर्यादा ओलांडली किंवा मुळातच कमकुवत कॉर्निया तपासणीत निसटला, तर तो पुढे फुगून दृष्टी विकृत होऊ शकते. शंकूसारखा पुढे येणारा कॉर्निया असलेल्यांना म्हणूनच लॅसिक करत नाहीत. तीव्र कोरडेपणा असलेल्यांनाही ती टाळतात.

रोपणाची रीत : गुंडाळलेले मऊ भिंग सुमारे ३ मिमीच्या छेदातून आत सोडतात. ते आत उलगडले की चारही कोपरे बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे सारतात. टाका सहसा लागत नाही. भिंग आणि नैसर्गिक भिंग यांत योग्य अंतर राहणे कळीचे असते : ते फार कमी झाले तर मोतीबिंदू, फार वाढले तर डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका असतो. नव्या भिंगांच्या मध्यभागी ०.३६ मिमीचे छिद्र असते. त्यातून डोळ्यातला द्रव वाहता राहतो, त्यामुळे पडद्याला लेसरने वेगळे छिद्र पाडण्याची गरज उरत नाही.

तुलना : मध्यम नंबर आणि निरोगी, पुरेसा जाड कॉर्निया असल्यास लेसर सोयीचा : डोळ्याच्या आत शिरावे लागत नाही आणि खर्चही कमी येतो. मोठा उणे नंबर किंवा पातळ कॉर्निया असल्यास रोपण सरस ठरते. लेसरने गेलेले ऊतक परत येत नाही. भिंग मात्र काढता किंवा बदलता येते. लेसरनंतर कोरडेपणा अधिक जाणवतो. रोपणात जंतुसंसर्गाचा धोका विरळा असला तरी गंभीर असतो आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशींची मोजणी वेळोवेळी करावी लागते. रात्री दिव्यांभोवती वलये दोन्हींत दिसू शकतात.

पूर्वतपासणी : नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. कॉर्नियाचा नकाशा व जाडी, भिंगापुढच्या पोकळीची खोली, बाहुलीचा आकार आणि दृष्टिपटल तपासून मगच पद्धत ठरते. या मोजमापांनंतर डॉक्टरांनी लेसरला नकार दिला, तर तो अवश्य मानावा. दुसरीकडे ‘हो’ म्हणणारे शोधत फिरणे धोक्याचे आहे.

शस्त्रक्रियेनंतर : चष्मा गेला तरी लघुदृष्टीच्या डोळ्याची वाढलेली लांबी तशीच राहते. दृष्टिपटल फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका त्यामुळे टळत नाही, म्हणून मोठा नंबर असलेल्यांनी दरवर्षी तपासणी चालू ठेवावी. चाळिशीही तिच्या वेळेला लागतेच. पुढे मोतीबिंदू झाल्यास रोपणभिंग काढून नेहमीची शस्त्रक्रिया करता येते. लेसर केलेल्यांच्या बाबतीत मात्र नव्या भिंगाची शक्ती ठरवणे अवघड जाते. त्या वेळी शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर व कॉर्नियाची मोजमापे फार उपयोगी पडतात. ती कागदपत्रे आयुष्यभर जपून ठेवावीत.