जस्ताची भुकटी

बेज्जूरच्या बाजारात पत्र्याची बादली घेणाऱ्याला आपण लोखंडाबरोबर थोडे जस्तही घेत आहो, याची जाणीव बहुधा नसते. गंज चढू नये म्हणून लोखंडावर दिलेला तो मुलामा जस्ताचाच. हा भाग १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्यातील बिदरने या धातूला कीर्ती मिळवून दिली. बिदरी पात्र म्हणजे बहुतांशी जस्त आणि थोडे तांबे. किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप लागला की ते काळेभोर होते आणि चांदीची नक्षी मात्र उजळ राहते.

पण जस्त हाती येणेच कठीण. ते ४१९ अंशांवर वितळते, ९०७ अंशांवर त्याची वाफ होते, आणि खनिजातून सुटण्यास त्याहूनही अधिक उष्णता लागते. म्हणजे हा धातु जन्मतो तोच वाफ होऊन, आणि हवा लागताच जळून पांढरी राख होतो! ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात वांग्याच्या आकाराची मूस उलटी ठेवून वाफ खाली उतरविण्याची युक्ति सांगितली आहे. राजस्थानात जावर येथे १९८० नंतरच्या उत्खननात अशा छत्तीस मुशींच्या भट्ट्या सापडल्या. ग्रंथकाराने ऐकीव लिहिले नव्हते. इंग्लंडात विल्यम चॅम्पियनने १७३८ साली पेटंट घेतले, त्याची रीतही वाफ खाली उतरविण्याचीच होती.

हीच वाफ एकदम थंड केली की राखी रंगाची भुकटी मिळते. चुन्याबरोबर ती निळीच्या पिंपात पडली की नीळ विरघळून सुताला रंगते. सायनाइडच्या द्रावातले सोने ती खाली बसविते. पुलांच्या रंगातही ती असते.

शाळेत आम्ही जस्ताच्या तुकड्यांवर आम्ल ओतून हायड्रोजन दाखवितो. तुकड्यांना वेळ लागतो, भुकटीला लागत नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर नुसती ओलही पुरे. डब्यात हायड्रोजन साठतो, भुकटी तापते आणि प्रसंगी पेट घेते. हवेत उडालेली पूड ठिणगीने भडकते. जस्ताच्या धुरात काम करणाऱ्या पितळ-ओताऱ्यांना संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. तो एकदोन दिवसांत उतरतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. आग लागली की मनुष्य पाण्याची घागर घेऊन धावतो, आणि येथे नेमके तेच करावयाचे नसते. पाण्याने हायड्रोजन अधिकच सुटतो. डब्याशेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवावी, मग ती जस्ताच्या मुलाम्याची का असेना.