'व्हाइसरॉय'चं 'व्हायकाउंट' कसं झालं? पहिल्या टर्बोप्रॉप प्रवासी विमानांची गोष्ट

बाहेर पंखा फिरताना दिसला की ते विमान आपल्याला जुन्या काळातलं वाटतं. पण छोट्या शहरांत ये-जा करणाऱ्या एटीआर विमानाच्या पंख्यामागे जेट विमानासारखंच टर्बाइन असतं. अशा इंजिनाला टर्बोप्रॉप म्हणतात.

आधीच्या विमानांत मोटारीसारखी पिस्टन इंजिनं असायची. पिस्टन सतत वर-खाली होत असल्याने आवाज आणि हादरे भरपूर. टर्बोप्रॉपमध्ये हवा दाबून तिच्यात इंधन जाळलं जातं आणि त्या गरम वायूने टर्बाइन फिरतं. 'रोल्स-रॉईस डार्ट' या इंजिनात हा वेग मिनिटाला सुमारे १५ हजार फेरे इतका जाई. गिअर तो कमी करतात आणि पंख्याला देतात. नुसत्या जेटपेक्षा यात फायदा असा, की पंखा एकाच वेळी खूप हवा मागे ढकलतो. त्यामुळे मध्यम वेगाने, जवळच्या अंतरावर जाताना इंधन कमी लागतं.

दुसरं महायुद्ध सुरू असतानाच, युद्धानंतर कोणती प्रवासी विमानं लागतील हे ठरवायला ब्रिटनने लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींतून व्हिकर्स कंपनीचं विमान जन्माला आलं. त्याचं आधीचं नाव होतं 'व्हाइसरॉय'! पण १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला, व्हाइसरॉय हे पदच उरलं नाही आणि विमानाचं नाव 'व्हायकाउंट' झालं.

१६ जुलै १९४८ रोजी ते पहिल्यांदा उडालं. चार डार्ट इंजिनं, पण आसनं फक्त ३२. एवढ्या प्रवाशांत खर्च कसा निघणार? ब्रिटिश युरोपियन एअरवेजने तर पिस्टन इंजिनांची २० 'अँबॅसेडर' विमानं मागवली होती. व्हायकाउंटचा प्रकल्प गुंडाळला जाण्याचीच चिन्हं होती. त्याला वाचवलं डार्ट इंजिनाने. इंजिनाची ताकद वाढवता आली, म्हणून विमान लांब करता आलं आणि आसनं चाळीसच्या वर गेली.

२९ जुलै १९५० रोजी मूळ छोट्या व्हायकाउंटने लंडन ते पॅरिस प्रवासी नेले. टर्बाइन इंजिनाच्या विमानाची ही जगातली पहिली नियमित मार्गावरची प्रवासी फेरी. टेबलावर नाणं उभं ठेवलं तरी पडत नाही, असा पुढे या विमानाचा लौकिक झाला. अमेरिकेच्या कॅपिटल एअरलाइन्सने तब्बल ६० विमानं मागवली. इंडियन एअरलाइन्सकडे व्हायकाउंट १९५७ मध्ये आलं. नंतर आपल्याकडे आलेली फोकर एफ-२७ आणि कानपूरला बांधली गेलेली 'ॲव्हरो' विमानंही डार्ट इंजिनावरच उडत.

सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचं 'इलेक्ट्रा' जानेवारी १९५९ मध्ये सेवेत आलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला टेक्सासवर एका इलेक्ट्राचा पंख हवेतच तुटला, ३४ जण गेले. १७ मार्च १९६० रोजी इंडियानामध्ये पुन्हा तेच घडलं, ६३ जणांचा बळी गेला.

तपासात कळलं, की इंजिनाला धरून ठेवणारा सांगाडा कमकुवत झाला तर पंख्यासकट इंजिन कलत्या भोवऱ्यासारखं डुलू लागतं. हे डुलणं आणि विमानाच्या पंखाची स्वतःची थरथर एका लयीत आली की पंख टिकत नाही. आधी या विमानांचा वेग कमी करायला लावला, मग लॉकहीडने स्वखर्चाने सगळ्या विमानांची दुरुस्ती केली. पण प्रवाशांचा विश्वास उडाला होता आणि तोवर जेट विमानंही आली होती. १७० विमानांवर इलेक्ट्राचं उत्पादन थांबलं.

तरी तिचा सांगाडा वाया गेला नाही. त्यातूनच समुद्रावर तासनतास गस्त घालणारं 'पी-३ ओरायन' तयार झालं. सोव्हिएत संघानेही आपल्या 'आयएल-१८' या टर्बोप्रॉप प्रवासी विमानावरून गस्तीचं 'आयएल-३८' बनवलं. हे विमान भारतीय नौदलाने १९७७ ते २०२३ अशी ४६ वर्षं गोव्यातल्या आयएनएस हंसा तळावरून वापरलं.

लांबचे मार्ग जेटने नेले, जवळचे मात्र टर्बोप्रॉपकडेच राहिले. कमी इंधन आणि आखूड धावपट्टी ही त्याची कारणं आजही तीच आहेत.

तुम्ही कधी पंख्याच्या विमानातून प्रवास केलाय? कुठून कुठे, ते कमेंटमध्ये नक्की सांगा!