जिंकलेला डावही चुकीचा असू शकतो: पोकरपटू जुने डाव पुन्हा का तपासतात?

पत्त्यांचा डाव संपला की बहुतेक जण दोनच गोष्टी बोलतात. जिंकला तर 'कसा पकडला बघ त्याला', आणि हरला तर 'नशीबच फुटकं'. मुरलेले पोकरपटू मात्र वेगळाच प्रश्न विचारतात: त्या क्षणी मला जेवढं माहीत होतं, त्यावरून मी घेतलेला निर्णय बरोबर होता का?

हा प्रश्न विचारण्यासाठी ते जुने डाव लिहून ठेवतात आणि पुन्हा पुन्हा तपासतात. ही पद्धत नेमकी काय आहे, तिचं गणित कसं चालतं आणि पत्त्यांना हात न लावणाऱ्यांनाही त्यातून काय घेता येईल, हे समजून घेऊ.

निकाल आणि निर्णय वेगळे का धरायचे?

बुद्धिबळात सगळी सोंगट्यांची मांडणी डोळ्यांसमोर असते. पोकरमध्ये समोरच्याचे पत्ते झाकलेले असतात आणि पुढचा पत्ता कोणता निघेल हेही माहीत नसतं. त्यामुळे इथे चांगला निर्णय घेऊनही हरता येतं आणि वाईट निर्णय घेऊनही जिंकता येतं.

सगळ्यात सोपं उदाहरण बघा. तुमच्या हातात दोन एक्के आहेत, समोरच्याकडे दोन राजे. टेबलवरचे पत्ते उघडण्याआधीच दोघांनीही सगळ्या चिप्स लावल्या. अशा वेळी एक्केवाला साधारण ८२ टक्के वेळा जिंकतो. म्हणजे शंभरातल्या १८ वेळा तो हरणारच. हरला म्हणून त्याचं चुकलं असं होत नाही.

निकालावरून निर्णयाची किंमत ठरवण्याच्या या सवयीला मानसशास्त्रात 'आउटकम बायस' म्हणतात. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी १९८८ मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात लोकांना डॉक्टरांनी घेतलेले निर्णय वाचायला दिले होते. निर्णय तोच, माहितीही तीच. पण रुग्ण दगावला असं सांगितल्यावर त्याच निर्णयाला लोकांनी कमी गुण दिले.

क्रिकेटमध्ये आपण हेच करतो. २००७ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला शेवटच्या षटकात १३ धावा हव्या होत्या. हरभजनचं एक षटक शिल्लक असतानाही धोनीने चेंडू जोगिंदर शर्माच्या हाती दिला. मिस्बाहचा फटका श्रीशांतच्या हातात विसावला आणि तो निर्णय 'मास्टरस्ट्रोक' ठरला. तोच झेल सुटला असता तर त्याच निर्णयाला आपण काय म्हटलं असतं?

एक डाव तपासून बघू

टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात. टेबलवर सगळ्यांसाठी मिळून पाच पत्ते उघडले जातात: आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. दरम्यान बोली लागत राहते.

समजा, तुमच्याकडे बदामाचे दोन पत्ते आहेत. टेबलवर चार पत्ते उघडलेत, त्यातले दोन बदामाचे. आणखी एक बदाम आला की पाच बदाम होऊन तुमचा 'फ्लश' लागेल. मधे १,००० चिप्स जमल्या आहेत. समोरचा आणखी ५०० लावतो. तुम्ही ५०० भरायचे की पत्ते टाकून द्यायचे?

पहिलं गणित किमतीचं. तुम्ही ५०० भरलेत तर मधे एकूण २,००० होतील. म्हणजे २,००० साठी तुम्ही ५०० मोजताय. हा व्यवहार परवडायला किमान २५ टक्के वेळा जिंकायला हवं.

दुसरं गणित शक्यतेचं. बदामाच्या १३ पत्त्यांपैकी चार तुम्हाला दिसलेत, नऊ उरलेत. न दिसलेले एकूण पत्ते ४६. नऊ भागिले ४६ म्हणजे २० टक्क्यांहून थोडं कमी.

लागतात २५ टक्के, हातात आहेत २०. म्हणजे प्रत्येक वेळी असे ५०० भरण्यात सरासरी शंभरेक चिप्सचं नुकसान आहे. बदाम आल्यावर समोरचा अजून चिप्स देईल अशी शक्यता असेल, तर हिशोब बदलतो. पण ती जादाची कमाई सरासरी साडेपाचशेच्या वर जायला हवी.

आता समजा, तुम्ही हा हिशोब न करता ५०० भरले, शेवटी बदाम आला आणि तुम्ही डाव जिंकलात. हा डाव कोण तपासेल? कोणीच नाही. आणि म्हणूनच ती चूक पुढच्या दहा डावांत पुन्हा होते.

जुने डाव तपासायचे कसे?

अनुभवी खेळाडूंच्या पद्धतीत साधारण या पायऱ्या असतात:

१. लगेच नोंद. कोण कुठे बसलं होतं, कोणाकडे किती चिप्स होत्या, प्रत्येक बोलीच्या वेळी मधे किती जमलं होतं, हे डाव संपल्याबरोबर लिहायचं. दोन दिवसांनी लिहिलं तर स्मरणशक्ती आपल्या सोयीची गोष्ट रचते.

२. तेव्हाचं कारण. 'मी बोली वाढवली' एवढं पुरत नाही. का वाढवली, तेही लिहायचं. 'राग आला होता' हे खरं कारण असेल तर तेच लिहायचं.

३. समोरच्याचे सगळे संभाव्य पत्ते. 'त्याच्याकडे राजाच होता' हे नंतर कळलेलं असतं. त्या क्षणी त्याच्याकडे कोणकोणते पत्ते असू शकत होते, त्यांची यादी करायची.

४. निकाल झाकायचा. दुसऱ्याला डाव सांगताना निर्णयाच्या जागी थांबायचं आणि 'तू काय केलं असतंस?' असं विचारायचं. शेवट सांगितला की ऐकणाऱ्याचं मतही त्याच बाजूला झुकतं.

५. जिंकलेले डावही घ्यायचे. फक्त पराभव तपासले तर अर्ध्या चुका कधी सापडतच नाहीत.

अमेरिकी खेळाडू अ‍ॅनी ड्यूक यांनी २०१८ मध्ये लिहिलेल्या 'थिंकिंग इन बेट्स' या पुस्तकात या विचाराची मांडणी आहे. सुरुवातीच्या काळात त्या एरिक सायडेल या दिग्गज खेळाडूकडे फुटक्या नशिबाची तक्रार घेऊन गेल्या. त्यांनी ती ऐकायला साफ नकार दिला. डावातल्या निर्णयाबद्दल प्रश्न असेल तर मात्र बोलायची तयारी दाखवली.

संगणकही असाच शिकला

पोकर खेळणाऱ्या अनेक संगणक प्रणालींच्या मुळाशी 'पश्चात्ताप' मोजण्याची पद्धत आहे. प्रणाली स्वतःशीच असंख्य डाव खेळते आणि प्रत्येक वळणावर विचारते: इथे दुसरा पर्याय निवडला असता तर किती फायदा झाला असता? ज्या पर्यायाचा पश्चात्ताप जास्त, तो पुढे जास्त वेळा निवडला जातो.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' प्रणालीने जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. २० दिवसांत १,२०,००० डाव झाले. खेळाडू दिवसा ज्या उणिवांचा फायदा घेऊ पाहत, त्या लिब्राटस रात्री बुजवत असे.

यात धोका कुठे आहे?

अभ्यास केला की पैसे मिळतातच, असा अर्थ यातून काढू नये. एक्के विरुद्ध राजे हा डाव लागोपाठ दोनदा हरण्याची शक्यताही तीन टक्क्यांच्या आसपास आहे. थोडक्या डावांवरून आपण कुशल आहोत की नशीबवान, हे कळत नाही. शिवाय खेळवणारा प्रत्येक डावातून किंवा प्रवेश शुल्कातून आपला वाटा काढून घेतो. त्यामुळे टेबलवरचे सगळेच जिंकू शकत नाहीत.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. अशा खेळांमुळे लागणारं व्यसन आणि होणारं आर्थिक नुकसान ही सरकारने दिलेली प्रमुख कारणं होती.

मग आपण काय घ्यायचं?

नोकरी बदलणं, शेअर घेणं, घरासाठी कर्ज काढणं, हे सगळे अर्धवट माहितीवरचेच निर्णय असतात. ते घेताना तारीख टाकून तीन ओळी लिहून ठेवा: काय ठरवलं, का ठरवलं आणि काय चुकू शकतं. सहा महिन्यांनी निकालाकडे बघण्याआधी त्या ओळी वाचा.

पोकर खेळणाऱ्यांसाठी या वहीत आणखी एक रकाना हवा: आजवर किती लावले आणि किती परत आले. हा रकाना इमानदारीने भरला, तर 'पुढचा डाव कसा खेळू?' याचं उत्तर कधी कधी 'खेळू नकोस' असंही निघतं. तो निर्णयही तितकाच अभ्यासातून आलेला असतो.