पिनबॉल : बंदी, कौशल्य आणि स्मरणरंजन

🧵 थ्रेड

१/
जानेवारी १९४२. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरून जेमतेम दीड महिना झाला होता. न्यू यॉर्कचे पोलीस शहरातील मिठाईची दुकाने, तंबाखूची दुकाने आणि मद्यालये यांत शिरून एक यंत्र जप्त करू लागले. अशी हजारो यंत्रे हातोड्यांनी फोडली गेली आणि त्यांतील धातू युद्धकार्याकडे वळवण्यात आला. ते यंत्र होते पिनबॉल.

२/
आज पिनबॉल म्हटले की लुकलुकणारे दिवे, खणखणणारी नाणी आणि निर्धास्त किशोरवय आठवते. या स्मरणरंजनात बंदीला जागा नसते. प्रत्यक्षात न्यू यॉर्कमध्ये हा खेळ ३४ वर्षे बेकायदा होता. बंदी का आली, का उठली आणि ती उठल्यावर पाव शतकाच्या आत हा धंदा जवळपास का संपला, त्याचा हा आढावा.

३/
या खेळाचे मूळ १८ व्या शतकातील फ्रान्समधल्या 'बॅगाटेल'मध्ये आहे. बिलियर्डच्या टेबलाची ही छोटी आवृत्ती. भारतात मुलांसाठी मिळणारी खिळे ठोकलेली लाकडी बॅगाटेलची पाटी याच कुळातली. १८७१ मध्ये सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी बॅगाटेलमधील सुधारणांचे पेटंट घेतले. काठीच्या जागी स्प्रिंगचा दांडा आला. पिनबॉलमध्ये तो आजही आहे.

४/
१९३१ मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी 'बॅफल बॉल' बाजारात आणला. किंमत १७.५० डॉलर. एक सेंट टाकला की पाच ते सात गोळ्या मिळत. महामंदीने लोकांच्या हाती वेळ भरपूर आणि पैसा अत्यल्प ठेवला होता. एका सेंटची ही करमणूक सर्वांना परवडली आणि ५०,००० हून अधिक यंत्रे विकली गेली.

५/
गॉटलीब यांच्याकडून पुरेशी यंत्रे मिळेनात, म्हणून त्यांचेच एक वितरक रेमंड मलोनी यांनी १९३२ मध्ये स्वतःचे 'बॅलीहू' काढले. त्यातून 'बॅली' ही कंपनी उभी राहिली. १९३३ मध्ये हॅरी विल्यम्स यांनी 'काँटॅक्ट' या यंत्रात वीज खेळवली. गॉटलीब, बॅली, विल्यम्स : तिन्ही नावे शिकागोशी जोडलेली. हे शहर या उद्योगाची राजधानी ठरले.

६/
येथे एक तपशील निर्णायक आहे. तोवरच्या या यंत्रांना फ्लिपर नव्हते. गोळी एकदा सुटली की खिळ्यांना आपटत खाली येई आणि कुठल्याशा भोकात पडे. खेळाडूच्या हाती दांडा ओढण्याचा जोर आणि यंत्राला दिलेला हलकासा धक्का, एवढेच. धक्क्यांना आवर घालण्यासाठी विल्यम्स यांनी 'टिल्ट' बसवले. यंत्र फार हलले की खेळ तिथेच बंद.

७/
अनेक दुकानदार अधिक गुण मिळवणाऱ्याला सिगारेट, वस्तू, कधी रोख रक्कमही देत. म्हणजे नाणे टाकायचे, निकाल बहुतांशी नशिबाच्या हाती आणि जिंकल्यास मोबदला. कायद्याच्या दृष्टीने जुगाराची व्याख्या याहून वेगळी नव्हती. लहान मुले खाऊचे पैसे या यंत्रांत घालवतात, ही तक्रारही मोठी होती.

८/
न्यू यॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांना या धंद्यामागे संघटित गुन्हेगारी दिसत होती. १९३४ मध्येच त्यांनी स्लॉट मशीनविरुद्ध मोहीम उघडली होती. हाती हातोडा घेऊन ती यंत्रे फोडतानाची त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. १९४२ मध्ये पाळी पिनबॉलची आली. लॉस एंजेलिसने बंदी १९३९ मध्येच घातली होती. ज्या शिकागोत ही यंत्रे बनत, त्या शहरातही ती दीर्घकाळ निषिद्ध होती.

९/
मग १९४७ उजाडले. गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात हॅरी मॅब्स यांनी सहा फ्लिपर बसवले. पेटीच्या कडेचे बटण दाबले की फ्लिपर उसळे आणि घरंगळणारी गोळी पुन्हा वर जाई. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कोर्डेक यांनी जेन्को कंपनीच्या 'ट्रिपल अ‍ॅक्शन'मध्ये तळाशी फक्त दोन फ्लिपर ठेवले. ही मांडणी रूढ झाली.

१०/
या एका बदलाने खेळाचे स्वरूप पालटले. आता नजर, वेळेचा अंदाज आणि सराव यांना अर्थ आला. उत्तम खेळाडू एकाच गोळीवर बराच वेळ तग धरू शकत होता. परंतु न्यू यॉर्कचा कायदा फ्लिपरपूर्वीच्या यंत्रासाठी केलेला होता. यंत्र बदलले, कायदा जागचा हलला नाही. पुढची जवळपास तीन दशके एका वेगळ्याच खेळाला जुन्या आरोपाची शिक्षा मिळत राहिली.

११/
तरीही बंदी घालणारे सर्वस्वी चुकीचे होते, असे म्हणता येत नाही. १९५० च्या दशकात बॅलीची 'बिंगो' यंत्रे लोकप्रिय होती. त्यांत फ्लिपर नव्हते, भोके होती, आणि जिंकलेल्या गुणांचे अनेक ठिकाणी पैसे मिळत. १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉर्पन खटल्यात ठरवले की, रोख मोबदला देणाऱ्या पिनबॉल यंत्रांवर जुगाराच्या यंत्रांचाच चढा कर लागेल.

१२/
कौशल्य की नशीब, हा पेच एकट्या अमेरिकेचा नव्हता. त्याच १९५७ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 'मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला' हा खटला होता. विषय शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा. ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार ठरत नाही, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. त्या विशिष्ट स्पर्धा मात्र जुगारच ठरल्या.

१३/
शिकागोचे कारखानदार कायद्याच्या फटी शोधत राहिले. काही ठिकाणी जिंकल्यावर मिळणारा फुकट डावही 'मोबदला' मानला जाई. म्हणून १९६० मध्ये गॉटलीब कंपनीने 'फ्लिपर' या नावाचेच यंत्र काढले. त्यात नवा डाव मिळत नसे, चालू डावात एक गोळी वाढे. खेळाचे नियम असे कायद्याच्या धाकाने घडत गेले.

१४/
बंदी ढासळू लागली ती १९७० च्या दशकात. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसची बंदी रद्द केली. एप्रिल १९७६ मध्ये न्यू यॉर्कच्या नगर परिषदेच्या समितीपुढे सुनावणी झाली. पिनबॉलच्या बाजूने साक्ष द्यायला आले रॉजर शार्प. व्यवसायाने पत्रकार, आणि हा खेळ विद्यापीठात असताना शिकलेले.

१५/
सभागृहात दोन यंत्रे आणली होती, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य यंत्रात काही क्लृप्ती असेल या संशयाने एका सदस्याने शार्प यांना राखीव यंत्रावर खेळायला लावले. ते खेळले, पण सदस्य निर्विकार. अखेर शार्प यांनी आधीच जाहीर केले की, दांडा सोडल्यावर गोळी मधल्याच मार्गाने जाईल. गोळी तशीच गेली. समितीचा कौल बंदी उठवण्याच्या बाजूने पडला.

१६/
ही कथा इतकी नाट्यमय आहे की २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. दोन गोष्टी मात्र नोंदवायला हव्यात. एक, त्या फटक्यात नशिबाचाही वाटा होता, हे शार्प यांनीच पुढे मान्य केले. दोन, १९७५ च्या आर्थिक संकटातून न्यू यॉर्क नुकतेच सावरत होते, आणि यंत्रांच्या परवाना शुल्काचे उत्पन्न त्याला हवेच होते. कौशल्याचा हा विजय रिकाम्या तिजोरीनेही सुकर केला.

१७/
सुवर्णकाळ आता सुरू होणार, असे वाटत होते. तो अल्प ठरला. १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला, १९८० मध्ये नाम्को कंपनीचा 'पॅक-मॅन'. नाण्यांवर चालणाऱ्या खेळांची दालने, म्हणजे आर्केड, वाढली खरी. महाराष्ट्रातील शहरांत त्यांनाच व्हिडिओ गेम पार्लर म्हणत. पण या दालनांत नाणी पडू लागली ती पडद्याच्या खेळांत.

१८/
मालकाच्या बाजूने पाहिले तर कारण सरळ आहे. पिनबॉलमध्ये पोलादी गोळी खरोखर धावते, आपटते आणि भाग झिजवते. रबरी कडी तुटतात, दिवे जातात, कॉइल जळतात, पृष्ठभागावर धूळ बसते. ही देखभाल जाणणारा कारागीर लागतो. व्हिडिओ गेमची पेटी कमी जागा घेई, आणि तिच्यात झिजण्यासारखे काठी आणि बटणे यांखेरीज फारसे काही नसे.

१९/
१९८३ च्या मंदीत व्हिडिओ गेमही कोसळले आणि पिनबॉलला उसंत मिळाली. १९८६ मध्ये स्टीव्ह रिची यांच्या 'हाय स्पीड'ने मागणी पुन्हा वाढवली. १९९२ मध्ये 'द अ‍ॅडम्स फॅमिली'ची २०,२७० यंत्रे विकली गेली. इलेक्ट्रॉनिक काळातील पिनबॉलचा तो विक्रम ठरला. आज ज्यांना आर्केडची ओढ वाटते, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आठवणी १९७६ ते १९९५ च्या दरम्यानच्या आहेत.

२०/
उतरण लागली ती दोन दिशांनी. घरोघरी आलेल्या कन्सोलवर १९९० च्या दशकात आर्केडच्या तोडीचे चित्र दिसू लागले. दुसरीकडे, नाण्यावर चालणाऱ्या धंद्याला भाववाढ झेपत नव्हती. १९८० ते १९९९ या काळात डॉलरची खरेदीशक्ती जवळपास निम्मी झाली. दुकानातील भाव हळूहळू वाढवता येतो. २५ सेंटच्या नाण्यावर बेतलेल्या खेळाला पुढची उडी थेट ५० सेंटवर घ्यावी लागे.

२१/
१९९६ मध्ये गॉटलीब नावाने होणारे उत्पादन थांबले. विल्यम्सने व्हिडिओचे चित्र आणि खरी गोळी यांचा मेळ घालणारे 'पिनबॉल २०००' आणून अखेरचा प्रयत्न केला. ऑक्टोबर १९९९ मध्ये कंपनीने पिनबॉल विभागच बंद केला आणि नफ्याच्या धंद्याकडे लक्ष वळवले. तो धंदा होता कॅसिनोतील स्लॉट मशीनचा. पिनबॉलने ज्या यंत्राशी आपले नाते नाही हे सिद्ध करण्यात अर्धे आयुष्य घालवले, तेच हे यंत्र.

२२/
पुढे दशकभर 'स्टर्न' ही एकच मोठी उत्पादक कंपनी उरली. तिचे गिऱ्हाईकही बदलले. दुकाने आणि आर्केडबरोबर आता घरी यंत्र ठेवणारे संग्राहक महत्त्वाचे ठरले, आणि नव्या यंत्राची किंमत काही हजार डॉलरवर गेली. २००४ मध्ये ब्रुकलिनमध्ये 'बारकेड' उघडले, जिथे प्रौढ लोक पेयासोबत बालपणीचे खेळ खेळतात. जुन्या यंत्रांची संग्रहालये उभी राहिली.

२३/
महाराष्ट्रातील आजच्या तरुणांपैकी अनेकांनी पिनबॉल पाहिला तो विंडोज एक्सपीच्या संगणकावर : 'थ्रीडी पिनबॉल स्पेस कॅडेट'. जो खेळ तेथे फुकट मिळाला, त्याची मूळ पेटी त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी हाताळली नाही. विंडोज व्हिस्टातून तोही गेला. ६४-बिट संगणकावर आणताना गोळीच्या टकरीचे गणित बिघडले आणि जुन्या प्रोग्रॅममधील तो दोष सापडेना.

२४/
पिनबॉल आज जिवंत आहे. नवी यंत्रे निघतात, स्पर्धा भरतात. वाचले ते यंत्र. एका सेंटच्या बळावर कोणालाही आत येता यावे, अनोळखी माणसाच्या खांद्यावरून त्याचा डाव बघता यावा, अशी भर रस्त्यावरची जागा मात्र राहिली नाही. १९४२ मध्ये पोलिसांचा हातोडा नेमका याच जागेवर पडला होता, कारण शाळकरी मुले, बेकार आणि जुगारी तेथे एकत्र येत. पुढे तिला स्मरणरंजनाने गोंजारले. तोवर ती भाडे आणि देखभाल यांच्या हिशेबात बसेनाशी झाली होती.

(समाप्त)

#इतिहास #थ्रेड #पिनबॉल