जड पाणी आणि दुष्फेन पाणी

जड पाणी व दुष्फेन पाणी या रसायनशास्त्रातील दोन भिन्न संकल्पना आहेत. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यालाही बोलीभाषेत ‘जड पाणी’ म्हणत असल्याने त्यांच्यात गल्लत होते.

दुष्फेन पाणी

बीड जिल्ह्याचा बहुतांश भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. अशा खडकातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. या पाण्यात साबणाचा फेस सहज होत नाही आणि भांड्यांवर पांढरा थर साचतो. बायकार्बोनेटांमुळे येणारी दुष्फेनता तात्पुरती असून ती पाणी उकळल्याने जाते. क्लोराइड व सल्फेटांमुळे येणारी कायम दुष्फेनता उकळून जात नाही; त्यासाठी धुण्याचा सोडा किंवा आयन-विनिमय पद्धत वापरतात. तुरटीने गढूळपणा कमी होतो, दुष्फेनता नाही. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात दुष्फेनतेची स्वीकारार्ह मर्यादा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास ती ६०० मिलिग्रॅम आहे.

जड पाणी

जड पाणी म्हणजे ड्युटेरियम ऑक्साइड. ड्युटेरियम हा हायड्रोजनचा समस्थानिक हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये शोधला. जड पाण्याचा रेणुभार सुमारे २० (साध्या पाण्याचा १८) असून ते ३.८ अंश सेल्सियसला गोठते. रायगड जिल्ह्यातील थळ येथे त्याचे उत्पादन होते. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीत ते न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठी वापरतात.

मुख्य फरक

दुष्फेनता विरघळलेल्या क्षारांमुळे येते व क्षार काढल्यास नाहीशी होते. जड पाण्याचे वेगळेपण रेणूच्या घटनेतच असते. ते पूर्णतः क्षारमुक्तही असू शकते.